दाखल क्रमांक सत्तेचाळीस

सुनीतीबाई परचुरे यांनी एकतीस वर्षं मुलींच्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही पुस्तकाला पाय फुटू दिले नाहीत. फुटलेच, तर त्या पायांचा माग काढत त्या थेट दारात जाऊन उभ्या राहायच्या. एकदा शाळेच्याच एका विश्वस्तांकडे केळवणाला गेल्या असताना त्यांनी दिवाणखान्यातल्या कपाटातून शाळेचा शब्दकोश ओढून काढला होता. विश्वस्त म्हणाले, पहिलं पानच नाही, शिक्का नाही, हा शाळेचा कशावरून? सुनीतीबाईंनी सदतिसावं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. दाखल क्रमांक पहिल्या पानावर तर असतोच, पण आतल्या एका ठरलेल्या पानावरही तो लिहून ठेवायचा, ही ग्रंथपालांची जुनी रीत. चोर पहिलं पान फाडतो, सदतिसाव्याचं त्याला ठाऊक नसतं. त्या केळवणात सुनीतीबाई व्यवस्थित जेवल्या आणि जिलबी दोनदा घेतली.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण स्वभावाला कुठली आली निवृत्ती. बसथांब्यावरचं वेळापत्रक चुकीचं असलं की त्या पत्र लिहायच्या. शेजारच्यांकडे आलेलं कुरियर तीन दिवस जिन्यात पडलं की त्या ते स्वतः नेऊन द्यायच्या आणि वर दोन वाक्यं ऐकवून यायच्या. वस्तू जिथली असेल तिथे गेली पाहिजे, एवढं एकच त्यांचं म्हणणं असायचं. त्यांचे यजमान श्यामसुंदर बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, आमच्या घरात चमचासुद्धा चुकीच्या कप्प्यात गेला तर चौकशी समिती बसते.

तर अशा या सुनीतीबाई एका रविवारी जुन्या बाजारात गेल्या होत्या. शिलाई मशीनचं हँडल तुटलं होतं आणि नवं कुठे मिळत नव्हतं. हँडल मिळालं नाहीच, पण गेनबा नावाच्या एका विक्रेत्याच्या ताडपत्रीवर, नळाच्या तोट्या आणि मुके टेलिफोन यांच्या मागे, हातगाडीच्या चाकाला टेकून एक चित्र उभं होतं. कागदावर नाही, कापडावर नाही, चक्क लाकडी फळीवर काढलेलं. दोन फूट रुंद असेल. पाण्याच्या काठावर दगडावर एक बाई पाठमोरी बसली आहे, पाय पाण्यात सोडलेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, आणि ती जेवणाचा डबा धुते आहे. मान किंचित वळलेली, त्यामुळे कान आणि गालाची कड तेवढी दिसते. समोर धरणाचं पाणी आणि पलीकडे सिंहगडाची ओळखीची धार. खडकवासला, हे सांगायला कुणी नको होतं.

सुनीतीबाई चित्रांतल्या जाणकार नव्हत्या. पण त्या बाईच्या पाठीत काहीतरी होतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर, डबे धुवायच्या निमित्तानं दहा मिनिटं एकटीला मिळालेली बाई जशी बसेल, तशी ती बसली होती. सुनीतीबाईंनी घासाघीस न करता चित्र उचललं, आणि हे त्यांच्या बाबतीत फारच विरळा होतं.

श्यामसुंदरांनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि म्हणाले, "पाणी हिरवं आहे."

"शेवाळं असेल."

"चपलाही हिरव्या आहेत. त्यांनाही शेवाळं धरलंय का?"

हे खरं होतं. सगळं चित्र जेमतेम चार रंगांत उरकलेलं होतं. एक मळकट गर्द हिरवा, काळा, पांढरा आणि थोडा पिवळा. तरीही ते जेवणाच्या टेबलासमोर टांगलं गेलं आणि श्यामसुंदर कुरकुर करत का होईना, रोज त्या बाईकडे तोंड करून जेवू लागले.

गुरुवारी सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं चमकलं. सुनीतीबाईंनी ओल्या फडक्यानं धूळ पुसली. खाली आकडे होते. ४७, मग आडवी रेघ, ३, पुन्हा रेघ, ८४. हातानं काढलेले नव्हते. पत्र्याच्या साच्यातून उमटवलेल्या आकड्यांना मधे मधे बारीक फटी राहतात, तशा या आकड्यांना होत्या. सही नाही, नाव नाही. फक्त क्रमांक.

एकतीस वर्षांची नजर ती. दाखल क्रमांक सत्तेचाळीस, मार्च चौऱ्याऐंशी. त्यांनी चित्र उतरवून उलटं केलं. मागच्या बाजूला हातभर लांबीचा एक पट्टा खरवडून काढलेला होता आणि त्यात जुन्या काळ्या अक्षरांचे भुरकट अवशेष राहिले होते. म्हणजे शिक्काही होता आणि तो कुणीतरी पद्धतशीर घासून काढला होता. पहिलं पान फाडलं होतं, पण सदतिसावं राहिलं होतं.

"चोरीचं आहे हे," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या तरी वाचनालयाच्या, कुठल्या तरी शाळेच्या भिंतीवरून हे कुणीतरी उचललं, शिक्का घासला आणि भंगारात घातलं. आणि त्या संस्थेतल्या कुणालाही चाळीस वर्षांत त्याचं सुखदुःख नाही. वहीत नोंद असेल, वार्षिक तपासणीत 'आढळ नाही' असा शेरा मारला असेल आणि सगळे चहाला गेले असतील. त्यांना चोराचा जितका संताप आला, तितकाच त्या न पाहिलेल्या संस्थेचाही आला.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेनबासमोर उभ्या राहिल्या. गेनबानं आधी काही आठवत नाही म्हणून पाहिलं, पण सुनीतीबाई त्याच्या ताडपत्रीच्या कडेला ठाण मांडून बसल्या आणि गिऱ्हाईक बिचकायला लागलं, तेव्हा त्याला आठवलं. "बिबवेवाडीच्या सर्जेरावाकडनं आणलंय बाई. भंगारवाला हाय त्यो. फुडचं मला ठाव न्हाई." सुनीतीबाई तशाच बिबवेवाडीला गेल्या. सर्जेराव सरळ माणूस निघाला. दिवाळीच्या आधी त्रिवेणी सोसायटीत एका घराचं रंगकाम चाललं होतं, सामान खाली पार्किंगमध्ये काढून ठेवलं होतं, त्यात मोडक्या फळ्यांचा ढीग होता, रंगाऱ्यानं न्या म्हटलं म्हणून तो घेऊन आला, असं त्यानं सांगितलं. चित्राचं तोंड आत होतं, ते त्याला दुकानात आल्यावर दिसलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेनऊला सुनीतीबाई त्रिवेणी सोसायटीत दाखल झाल्या. चित्र घरी सुरक्षित होतं, फोनमध्ये त्याचे सहा फोटो होते. पार्किंगमध्ये रविवारची वर्दळ होती. एक गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते, दोघीतिघी भाजीच्या टेम्पोपाशी उभ्या होत्या, आणि सोसायटीचे अध्यक्ष खुर्ची टाकून पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर भांडत होते. रंगकाम कुणाकडे झालं, हे सुनीतीबाईंनी पहारेकऱ्याला विचारलं. तिसऱ्या मजल्यावर, ओव्हाळांकडे, असं तो म्हणाला. जिन्यापाशी नावांचा फलक होता. त्यावर त्यांनी वाचलं, 'संजय कचरू ओव्हाळ'. आडनाव वाचलं आणि त्यांच्या मनात काहीतरी खटकन आपल्या जागी बसलं. काय बसलं, ते त्यांनी त्या वेळी पाहिलं नाही.

तेवढ्यात जिन्यातून एक मुलगी उतरली. पहारेकरी म्हणाला, ही त्यांचीच चैताली. सुनीतीबाईंनी फोन पुढे केला आणि विचारलं, हे ओळखीचं आहे का. मुलीनं पाहिलं, तिचे डोळे विस्फारले आणि तिनं तिथूनच वर तोंड करून हाक मारली, "आजी, मिळालं! फोर्टी-सेव्हन मिळालं!"

पोरीला क्रमांकही पाठ होता.

"म्हणजे हे तुमच्याकडे होतं तर," सुनीतीबाई म्हणाल्या.

"हो ना. आम्ही किती शोधलं माहितीये? घराच्या पेंटिंगच्या वेळी चुकून भंगारात गेलं. आजी रोज विचारते. थँक यू सो मच, तुम्हाला कुठे मिळालं?"

"मला कुठे मिळालं ते राहू द्या. तुमच्याकडे आलं कुठून?"

मुलीला प्रश्न कळलाच नाही. "आलं कुठून म्हणजे? माझ्या आजोबांनी काढलंय."

आजोबा काय करत, असं सुनीतीबाईंनी विचारलं. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, पॅकिंगला, असं तिनं सांगितलं. सुनीतीबाईंनी मान हलवली. पुस्तक परत न करणाऱ्या मुली जी कारणं सांगत, ती ऐकताना त्या अशीच मान हलवायच्या.

"हे पाहा, या चित्रावर दाखल क्रमांक आहे. मागचा शिक्का घासून काढलेला आहे. हे कुठल्यातरी संस्थेच्या मालकीचं आहे आणि तिथून ते उचललेलं आहे. तुमच्या आजोबांनी उचललं की आणखी कुणी, ते मला ठाऊक नाही, पण ते मी शोधून काढणार आहे."

त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पाइपचं पाणी बंद झालं. भाजीच्या टेम्पोपाशी सगळं शांत झालं. अध्यक्षांनी टँकरवाल्याला थांबायला सांगितलं आणि फोन छातीशी धरला.

चैतालीचा चेहरा लाल झाला. "एक्स्क्यूज मी, तुम्ही आम्हाला चोर म्हणताय? वर चला. बाकीची दाखवते तुम्हाला."

"म्हणजे आणखीही आहेत," सुनीतीबाई म्हणाल्या.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक म्हातारी बाई कठडा धरून उभी होती. नातीची हाक ऐकून ती तीन मजले घाईनं उतरून आली होती आणि तिला धाप लागली होती. शेवटचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं सुनीतीबाईंकडे पाहिलं, गाडी धुणाऱ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. तिला बहुतेक वाटलं असावं की यांच्यातलं कुणीतरी आता काही बोलेल. वीस वर्षांचे शेजारी होते ते. कुणी बोललं नाही.

मग तिनं विचारलं, "चित्राला ओल नाही ना लागली?"

"नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. "नीट आहे, आणि जिथलं आहे तिथे नीट पोचेल." आणि त्या ताठ मानेनं फाटकाबाहेर पडल्या.

जेवताना त्यांनी सगळी हकिगत श्यामसुंदरांना सांगितली. क्रमांक पाठ होता, यावर विशेष भर दिला. श्यामसुंदर आमटीत भात कालवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती मुलगी वर चला म्हणाली, तर तू गेली का नाहीस?"

"कशाला जायचं? त्यांचं सारवासारवीचं ऐकायला?"

"बरं. आणि हेच चित्र प्रभात रोडवरच्या एखाद्या लेल्यांच्या घरातून निघालं असतं, तर तू काय विचारलं असतंस?"

"काय विचारलं असतं?"

"कुणी काढलं, असं विचारलं असतंस," श्यामसुंदर म्हणाले आणि ताक मागितलं.

सुनीतीबाईंनी ताकाचं भांडं असं आदळलं की टेबलावर सांडलं. हा जातीचा प्रश्न नाही, पुराव्याचा प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या. जातीचं नाव मी काढलंच नाही, असं श्यामसुंदर म्हणाले. त्या दुपारी सुनीतीबाईंना झोप लागली नाही. समोर ती पाठमोरी बाई डबा धूत बसली होती आणि त्यांना राहून राहून दुसरीच बाई आठवत होती, कठडा धरून उभी असलेली, ओलीची चौकशी करणारी. चोराच्या घरचं माणूस ओल लागली का विचारतं का? विचारत असेलही, त्यांनी स्वतःला बजावलं. आता पुरावाच आणायचा आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, नवऱ्याच्या तोंडासकट.

मंगळवारी त्या खडकीला गेल्या. कारखान्यातला माणूस म्हणजे संस्थाही तिथलीच असणार, हा त्यांचा हिशेब. विचारत विचारत त्या कामगारांच्या एका जुन्या वाचनालयापर्यंत पोचल्या. दोन खोल्या, वर पत्रा, दारावर सुरेख अक्षरांतली पाटी. आत दिगंबर नावाचे ऐंशीच्या घरातले एक निवृत्त कामगार वर्तमानपत्रांना टाचण्या लावत बसले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी ते वाचनालय उघडायचे, वाचक आले तर आले. सुनीतीबाईंनी आपली ओळख दिली आणि चौऱ्याऐंशी सालचं दाखल रजिस्टर मागितलं. ग्रंथपाल म्हटल्यावर दिगंबररावांना आनंद झाला. त्यांनी रजिस्टर काढून दिलं. सत्तेचाळीस क्रमांकाला एक आरोग्यविषयक पुस्तिका होती. चित्र कुठेच नव्हतं.

"इथं चित्र कधी नव्हतंच," दिगंबरराव म्हणाले. "भिंतीवर कॅलेंडर तेवढं. कसलं चित्र?"

सुनीतीबाईंनी फोन दिला. म्हाताऱ्यानं तो जवळ नेला, लांब नेला, आणि कोपरा मोठा करून दाखवा म्हणाला. मग दिगंबररावांनी फोन परत दिला.

"बाई, जरा उठता का?"

सुनीतीबाई बाकावरून उठल्या. दिगंबररावांनी बाक भिंतीपासून ओढलं आणि त्याची मागची बाजू दाखवली. मळकट गर्द हिरव्या रंगावर पिवळे आकडे होते, मधे मधे बारीक फटी असलेले. ११२, ९, ८१.

"दारूगोळ्याच्या पेटीची फळी आहे ही," ते म्हणाले. "पेटीवर लॉटचा नंबर, महिना आणि साल मारायचं. पत्र्याचा साचा धरायचा आणि ब्रश मारायचा. पेट्या निकामी झाल्या की फळ्या लिलावात निघायच्या. आम्हा क्वार्टरवाल्यांच्या निम्म्या घरांतलं फर्निचर त्याच फळ्यांचं. मागची काळी अक्षरं घासून काढायची, नाहीतर जेवताना ताटासमोर 'स्फोटक' लिहिलेलं दिसतं. कचरू ओव्हाळ आमच्याच शॉपमध्ये, पॅकिंग विभागात. सत्तावीस वर्षं त्यानं ते आकडे मारले. दारावरची पाटी पाहिलीत ना? ती त्याचीच."

सुनीतीबाई पुन्हा बाकावर बसल्या. फोन त्यांच्या हातात तसाच होता. चित्रावर सही का नाही, नाव का नाही, असं त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता.

"आधी नाव घालायचा. एकोणऐंशी साली शहरात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं, तिथे तो तीन चित्रं घेऊन गेला. मी बरोबर होतो, चित्रं धरायला. टेबलामागच्या माणसानं चित्र पाहिलं, कचरूकडे पाहिलं, फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, हे आणलंस कुठून?" दिगंबररावांनी टाचण्यांची डबी बंद केली. "घरी आल्यावर नाव घालणं बंद. म्हणाला, नावावर लोक शंका घेतात, आकड्यावर घेत नाहीत. मग पेटीसारखा नंबर टाकायला लागला. हे सत्तेचाळिसावं, बाई. आम्ही शॉपमधले सगळे सहलीला खडकवासल्याला गेलो होतो. ही सुंदराबाई आहे, त्याची बायको. रंगसुद्धा तो दुकानातून विकत आणायचा, तोच हिरवा, कारण हात त्याच रंगावर बसलेला. प्रत्येक डब्याची पावती जपायचा. कारखान्याचा रंग घरी नेला, असं कुणी म्हणू नये म्हणून."

परतीच्या बसमध्ये सुनीतीबाईंना संताप आवरेना. त्या टेबलामागच्या माणसाचा त्यांना असा राग आला की तो हाती लागला असता तर त्या त्याच्याही दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या. कोण कुठला टिकोजीराव, चित्र समोर असताना त्याला आडनाव कसं दिसलं? आणि शिवाजीनगर येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस शोधायला कुठे लांब जायला नको. चाळीसेक वर्षांनी तोच प्रश्न, त्याच घराला, त्यांनी स्वतः विचारला होता. त्या माणसानं निदान एका टेबलामागून विचारला होता. यांनी अख्ख्या सोसायटीसमोर विचारला. आणि ज्या आकड्यावर कुणी शंका घेणार नाही असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, नेमका तोच आकडा पुरावा म्हणून उभा केला. पुस्तकांचं सगळं कळतं म्हणे. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्या एक थांबा आधीच उतरून घरापर्यंत चालत गेल्या.

श्यामसुंदरांना त्यांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. ते उठले. खुर्चीवर चढून त्यांनीच चित्र उतरवलं आणि जुन्या सोलापुरी चादरीत बांधून दिलं.

संध्याकाळी सुनीतीबाई त्रिवेणी सोसायटीत गेल्या, तेव्हा पार्किंगमध्ये कुणी नव्हतं, आणि त्यांना हायसं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसऱ्या मजल्यावर दार सुंदराबाईंनीच उघडलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची, आणि नव्यानं रंगवलेल्या त्या सगळ्या भिंतीभर फळ्या होत्या. क्वार्टर्सचा नळ, खडकी स्टेशनचा जिना, सायकलींची रांग, झोपलेलं मूल. सगळं त्याच चार रंगांत. क्रमानं लावलेल्या. शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे एक मोकळा खिळा होता. शेल्फातून एखादं पुस्तक गेलं की तिथे जशी फट राहते आणि नजर नेमकी तिथेच जाते, तशी सुनीतीबाईंची नजर त्या खिळ्यावर गेली.

त्यांनी चादर सोडली आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी तुमची क्षमा मागायला आले आहे. हे तुमचं आहे."

चैताली आतून आली होती आणि हाताची घडी घालून उभी होती. सुंदराबाईंनी चित्राला हात लावला नाही. त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तो त्यांनी टेबलावर उघडून ठेवला. आत पावत्या होत्या, वर्षांप्रमाणे दोऱ्यानं बांधलेल्या. फळ्यांच्या लिलावाच्या, रंगाच्या दुकानातल्या, ब्रशच्यासुद्धा.

"हे म्हणायचे, टाकू नको. एक दिवस कुणीतरी विचारायला येईल," सुंदराबाई म्हणाल्या. "मी म्हणायचे, काय वेड आहे, भिंतीवरच्या चित्राला कोण विचारायला येतंय. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी दिवाळीत हा डबा टाकणारच होते."

सुनीतीबाईंनी वरच्या पावतीवरचं साल वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्यांना राग आला, कारण रडायचा हक्क या खोलीत त्यांचा नव्हता. त्यांनी चित्र पुन्हा पुढे केलं.

"असं नाही," सुंदराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चोरीचं आहे हे तुम्ही खाली चारचौघांत म्हणालात. परत मात्र वर दार लोटून देताय. रविवारी साडेनऊला सगळे खाली असतात. तेव्हा आणा."

"आजी, घे ना, तुझं चित्र आहे ते," चैताली म्हणाली.

"माझंच आहे. चार दिवसांनी काय दुसऱ्याचं होतंय?" असं म्हणून सुंदराबाईंनी बोटानं त्या पाण्यातल्या पायांना एकदा स्पर्श केला, आणि चादरीची गाठ स्वतः पुन्हा बांधली.

ते चार दिवस सुनीतीबाईंनी चित्र टांगलं नाही. चादरीत गुंडाळून कपाटात उभं ठेवलं. श्यामसुंदर मुकाट्यानं रिकाम्या भिंतीकडे तोंड करून जेवले.

रविवारी श्यामसुंदर बरोबर आले, न सांगता. पार्किंगमध्ये भाजीचा टेम्पो होता, अध्यक्ष खुर्चीवर होते. सुंदराबाई शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या, अगदी त्याच जागी, आणि शेजारी चैताली. सुनीतीबाईंनी चित्र चादरीतून काढून छातीशी धरलं, सगळ्यांना दिसेल असं. मग त्या बोलल्या.

"मागच्या रविवारी मी इथे उभी राहून हे चित्र चोरीचं आहे असं म्हणाले. ते खोटं होतं. हे चित्र कचरू ओव्हाळ यांनी मार्च चौऱ्याऐंशीमध्ये काढलेलं आहे. त्यांचं सत्तेचाळिसावं. मी वर जाऊन पाहिलं नाही, विचारलं नाही, फलकावरचं नाव वाचलं आणि ठरवून टाकलं. हे मी सगळ्यांसमोर सांगते आहे, कारण बोलले होते ते सगळ्यांसमोर."

मग अध्यक्ष उठले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू द्या हो मॅडम. होतं असं. गैरसमज झाला, संपलं."

सुनीतीबाई त्यांच्याकडे वळल्या. आठवडाभर आत साठलेलं सगळं त्यांच्या आवाजात आलं. "असू कसं द्या? तुम्हाला कुणी चोर म्हटलं होतं का? यांना म्हटलं होतं. आणि तुम्ही इथेच उभे होतात, वीस वर्षांचे शेजारी. मी परकी बाई, मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं ना हे घर कसं आहे ते? मग तुमच्या तोंडून एक शब्द का नाही फुटला?"

अध्यक्ष खुर्चीवर बसले. टेम्पोपाशी उभ्या बायकांपैकी एकीनं मान खाली घातली. सुनीतीबाई जिन्यापाशी गेल्या आणि चित्र सुंदराबाईंच्या हातात दिलं. सुंदराबाईंनी ते उलटं केलं, मागून तळवा फिरवून पाहिला, ओल नव्हती. मग सुलटं करून त्या पाठमोऱ्या बाईकडे पाहत राहिल्या. चैतालीनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन आत आले आणि गर्दी पाहून थबकले. त्या रविवारी पाइप लावून गाडी धूत होते तेच. काय झालं, असं त्यांनी पहारेकऱ्याला खुणेनं विचारलं.

सुंदराबाईंनी चित्रावरून नजर काढली.

"हे आत्ता आले," त्या सुनीतीबाईंना म्हणाल्या. "त्या दिवशी हेही होते. यांना सांगा."

सुनीतीबाईंनी हात पुढे केले, चित्र पुन्हा मागून घेतलं, सगळ्यांना दिसेल असं छातीशी धरलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.